माह्या यायोचं पोलकं

"ही कोणाची आई आहे? आधी हिला झाका कोणीतरी."

मोठ्या बाईंनी असं म्हणलं. पुऱ्या शाळेसमोर. सव्वीस जानेवारी होती. झेंडा व्हायचा होता, आमच्या रांगा लागल्या होत्या, पाहुण्यांची गाडी यायची होती. अन् फाटकात माही यायो उभी होती. आमच्या माडिया बोलीत आईले यायो म्हणतात. गावातून आदल्या दिवशी निघाली, मधात सोयऱ्याच्या गावी मुक्काम केला अन् पायी पायी मले भेटाले आली. हातात पानात बांधलेल्या सुक्या मासोळ्या. गुडघ्यापर्यंत पांढरं लुगडं, खांद्यावर गाठ, गळ्यात मण्यांच्या माळा, हातापायावर गोंदण. पोलकं नव्हतं.

आमच्या गावात लगीन झालेली बाई पोलकं घालत नव्हती. रीत होती. पोरी घालत, लगीन झालं का काढून ठेवत. कोणी लावली ही रीत, काऊन लावली, मले विचारू नका. मले बी कोणी सांगतलं नाई. गायता, म्हणजे आमच्या गावचा पुजारी, तो म्हणे देव कोपते. बस, झालं. सगळ्यांच्या माया तशाच राहत, कोणी कोणाकडं पाहत नव्हतं. आश्रमशाळेत येईपर्यंत मले माहीत बी नव्हतं का यात पाहाण्यासारखं काही असते.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या हेडमास्तरीण. दूर शहरातून आलेल्या. वाईट होत्या असं मी म्हणत नाई. कोणी पोरगी तापानं फणफणली का उशाशी बसून राहत. म्हणूनच जास्त लागलं. वाईट माणसाचं काय, ते तं बोलतेच.

त्यांनी मले रांगेतून बाहेर बोलावलं. मी पाचवीत होती, मराठी बऱ्यापैकी येत होती. यायोले एक शब्द येत नव्हता.

"सांग तिला. शाळेत असं उघडं यायचं नसतं."

मी सांगतलं. काय करू? बाईंनी सांगतलेलं सांगणं, एवढंच मले माहीत होतं. म्हणलं, "यायो, बाई म्हणते तू उघडी आहेस."

यायोनं स्वतःकडं पायलं. खांद्यावरची गाठ चाचपली. पदर पायला. मंग मलेच म्हणाली, "उघडी कुठी आहे वं? नवं लुगडं नेसून तं आली."

ते तिचं ठेवणीतलं लुगडं होतं. सणाले काढायचं. पोरीच्या शाळेत सण आहे असं तिले कोणी सांगतलं होतं, म्हणून ती सजून आली होती. बाई, माही माय सजून आली आहे, एवढंच मले मराठीत म्हणायचं होतं. येत होतं मले ते. पण तोंडच उघडलं नाई.

मंग बाईंनी नाचाच्या ड्रेसची पेटी उघडायले लावली. त्यातून एक हिरवं चमकीचं पोलकं काढलं. सातवीतल्या पोट्टीचं. यायोले धान्याच्या कोठीत ढकललं अन् दार लावून घेतलं. "घालून ये म्हणावं." मी दाराच्या फटीतून सांगतलं, घालून ये.  लई वेळानं दार उघडलं.

तिनं हुक मागं घेतले होते. पोलकं लहान, हुक लागले नाईत, पाठ पुरी उघडी. समोरून मात्र गच्च बंद. तिनं आपल्या अकलेनं विचार केला होता. या लोकांले समोरचं खुपते, तं समोरून बंद पाहिजे. मी तं म्हणते, बरोबर केलं तिनं. जिनं पोरपणानंतर पोलकं आंगाले लावलं नाई, तिले काय माहीत हुक कुठी असतात.

पण हसले सारे. मास्तर हसले, स्वयंपाकाच्या बाया हसल्या, पोट्टे तं मातीत लोळले. "अगं बाई, उलटा घातला हिनं!" असं म्हणत मोठ्या बाईंनी यायोचे खांदे धरले अन् तिले गर्रकन फिरवलं. पुऱ्या शाळेनं माह्या मायची पाठ पायली. तेवढ्यात गाडी आली. पाहुण्यांसोबत त्यांची बायको होती. तिनं उतरता उतरता हे पायलं अन् म्हणाली, "किती निरागस असतात ना हे लोक." मंग मोबाईल काढला अन् फोटो घेतला.

यायो हसली. सगळे हसून राह्यले होते, तं आपण बी हसावं, असं वाटलं असन तिले. पोरीच्या शाळेतले मोठे लोक आहेत, खुश आहेत. ते तिचं हसणं मले आजवर गिळता आलं नाई. कोणी मले मारलं असतं तं बरं झालं असतं.

जाताना मोठ्या बाई म्हणाल्या, "हा ब्लाऊज तिच्याकडेच राहू दे. पुढच्या वेळी घालूनच यायचं. नाहीतर पोरीला भेटू देणार नाही." हे बी मीच सांगतलं. मासोळ्यांची पुडी माह्या हातात देऊन यायो निघून गेली. धड बसली बी नाई माह्याजवळ.

तवापासून माह्या मायची दोन्हीकडून पंचाईत झाली. घातलं नाई तं शाळेत घेत नाईत. घातलं तं गावात घेत नाईत. अन् मले भेटल्याबिगर तिचं चालत नव्हतं.

तिनं काय केलं ते मले दिवाळीच्या सुट्टीत समजलं. ती मले घ्यायले आली. हिरवं पोलकं घालून आली, या वेळी हुक समोर, लुगड्याचा पदर ओढून कसंबसं झाकलेलं. आमी दोघी चालत निघालो. गावाच्या अलीकडं नाला लागते. तिथी ती मले म्हणाली, "थांब." मोहाच्या झाडामागं गेली. आली तं आंगावर पोलकं नाई. झाडाच्या ढोलीत कोंबून ठेवलं होतं, वरून पालापाचोळा. म्हणाली, "गावात बोलू नको." अन् जशी काही रोजचीच गोष्ट, अशी पुढं चालाले लागली.

म्हणजे मले भेटाले येताना ती त्या झाडामागं घाले अन् परत जाताना त्याच झाडामागं काढे. ढोलीत लाल मुंग्या. कितीबी झटकलं तरी शिवणीत बसून राहत. भेटाले आली का तिच्या काखेत, पाठीवर चावल्याचे फोड दिसत. मी खाजवून देत होती. ती सांगे, जंगलातून आली ना, चावतातच. मी बी मान हलवत होती. दोघींले माहीत होतं, दोघी बोलत नव्हतो. काय बोलणार? कोणापाशी बोलणार?

मंग एका माणसानं पायलं. आमच्याच गावचा, मोहोळ काढाले गेला होता. गावात गोष्ट फुटली.

आमच्याकडं पेरणीच्या आधी बियाण्याचा सण असते, पंडूम म्हणतो आमी. घराघरातलं बियाणं टोपलीत घालून देवापुढं ठेवतात. गायता त्याले हात लावते, मूठ मूठ वाटते, मंगच पेरणी. त्या वर्षी त्यानं आमची टोपली तशीच बाजूले सारली. म्हणे, "हिनं बाहेरच्यांची रीत आंगावर घेतली." एवढंच. माहा बाप मान खाली घालून बसला. यायो साऱ्या बायांच्या मागं एकटी. तिच्या सख्ख्या बहिणीनं बी सरकून जागा देल्ली नाई. शेवटी बापानं कोंबडा देल्ला, पाया पडला, तवा बियाणं सुटलं. सुट्टी होती म्हणून मी तिथीच होती. मले वाटे, ओरडून सांगावं का हे माह्यासाठी घातलं तिनं. पण गोटूलात, म्हणजे गावच्या बैठकीच्या घरात, पोट्टीचं कोण ऐकते? अन् गायत्यापुढं तं बापाची वाचा बसली होती, माही काय कथा.

शाळेत परत जाताना मी तिले म्हणलं, "यायो, आता नको येऊ भेटाले."

ती म्हणाली, "नाई आली तं तू मले विसरून जाशील."

अन् येत राह्यली. मुंग्या, गायता, मोठ्या बाई, सारं सोसून येत राह्यली. आता तुमी सांगा, यात कोणाची रीत चांगली अन् कोणाची वाईट? एकानं जबरदस्तीनं घातलं, एकानं जबरदस्तीनं काढलं. माह्या मायचं आंग म्हणजे काय चव्हाट्यावरची जागा होती?

पुढं गावात नव्या सुना आल्या, माह्या वयाच्या. शिकलेल्या. त्या ग्रामसभेत बसल्या अन् म्हणाल्या, आमी काढणार नाई, काय करायचं ते करा. लई भांडण झालं. गायता रुसला, घराघरात अबोला. मंग थकले सारे. रीत गेली. काही म्हाताऱ्या जुन्यासारख्याच राह्यल्या, त्यांची मर्जी. त्यांले बी कोणी काही बोललं नाई.

यायोनं मात्र आठवडी बाजारातून कापड घेतलं. पोपटी. स्वतः निवडलं, दुकानदाराले सारे गठ्ठे उलगडाले लावले. मंग शिंप्याच्या उरावर उभी राहून शिवून घेतलं. बाह्या कोपरापर्यंत. हुक समोर. अन् आतून एक खिसा, तंबाखूच्या डबीसाठी! शिंपी म्हणे, बाई, पोलक्याले खिसा कोण लावते? ती म्हणाली, मी लावते. कोणी सांगतलं म्हणून नाई, आपल्या मनानं घातलेलं तिचं ते पयलं पोलकं. धुतलं का ते ती सावलीत वाळवते, रंग उडू नये म्हणून.

बारावीनंतर मी गडचिरोलीले आली. एका पार्लरात कामाले लागली. साड्या नेसवणं हे माहं काम. तुमचे सण मले कॅलेंडरवरून नाई, कपड्यांवरून समजतात. संक्रांतीले काळी साडी अन् हलव्याचे दागिने. पाडव्याले नऊवारी, नथ, मिरवणूक. नवरात्रात रोज नवा रंग, अन् ज्या दिवशी ज्या रंगाची साडी नाई त्या दिवशी शेजारणीकडून मागून आणायची. लग्नाचं तं विचारूच नका. मेहंदीले हिरवं, हळदीले पिवळं, संगीताले घागरा. मी टाचण्या तोंडात धरून निऱ्या घालते. आता तं पोलक्याचे हुकच मागं आले. मागं हुक, मागं दोरी, पाठ उघडी. फॅशन आहे म्हणे. त्या आरशात पाठ पाहतात, "मस्त दिसतंय ना?" असं विचारतात. मी हो म्हणते अन् हुक लावते.

यंदाच्या लगीनसराईत एका ठेकेदाराच्या घरची ऑर्डर आली. नाव नाई सांगत, ठेकेदार काही कमी नाईत आमच्याकडं. पोरीची हळद होती अन् हळदीची थीम होती जंगल. साऱ्या बायांले आदिवासी लुक पाहिजे. पार्लरची मालकीण, तिले मी ताई म्हणत होती, ती खुश होऊन म्हणाली, "तू आहेस म्हणून तर घेतली मी ऑर्डर. तुला खरं येतं ना." मी मान हलवली. यायोच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, ती माह्या खोलीवर होती, दुसरा डोळा व्हायचा होता. अशा टायमाले कोण नाई म्हणते?

डोळ्यात औषध टाकाले कोणी नव्हतं म्हणून तिले सोबतच घेऊन गेली. हॉलात बांबूची कमान, सागाची पानं, प्लास्टिकचं हरीण. बायकांच्या खोलीत एका कोपऱ्यात यायोले खुर्चीवर बसवलं. काळा चष्मा, पोपटी पोलकं, मांडीवर हात. अन् मी कामाले लागली. गुडघ्यापर्यंत लुगडं, खांद्यावर गाठ. बायांनी आतून आंगाच्या रंगाचं तंग काहीतरी घातलं होतं. म्हणजे उघडं दिसलं पाहिजे, पण उघडं नाई पाहिजे. ही गाठ मले कोणी क्लासमध्ये शिकवली नाई, यायोच्या खांद्यावर पाहून पाहून आली. एकजण आरशात पाहून म्हणाली, "किती कूल आहे हे! आणि किती कम्फर्टेबल!"  मी पुढचीची गाठ बांधाले घेतली. 

तेवढ्यात नवरीची आई आली. तिले सारे मॅडम म्हणत होते. सोबत तिची सासू, ती येऊन खुर्चीवर बसली, अन् मागं फोटोवाला, त्याचा लाईट धरणारा माणूस. मॅडमची नजर कोपऱ्यात गेली.

"अय्या, ही कोण? तुझी आई? बघा हो, गोंदण बघा हिचं! हिला आपण मधे बसवू फोटोत. एकदम खरीखुरी." मंग जवळ गेली, वरून खाली पायलं अन् तोंड वाकडं केलं. "पण हिनं ब्लाऊज कशाला घातलाय? सगळा लुकच जातो. काढायला सांग ना तिला."

मी ऐकलंच नाई असं केलं. टाचणी शोधाले लागली.

"अगं, सांग ना. त्यात काय एवढं? तुमच्यात तर असंच असतं."

मी ताईकडं पायलं. वाटलं, ही तं रोज माह्यासोबत एका डब्यात जेवते, ही काही बोलन. ताईनं डोळ्यानंच खुणावलं, सांग लवकर. मॅडमच्या घरी अजून लग्नं व्हायची होती. फोटोवाला कॅमेरा पुसत उभा. मी तिथी, त्या खोलीत, पुन्हा पाचवीतली पोट्टी झाली.  

पण मी सांगाले पाहिजेच असं काही राह्यलं नव्हतं. इतकी वर्षं शाळेच्या फाटकात उभी राहून यायोले मराठी समजाले लागली होती. बोलत नाई, समजते. तिनं मले माडियात विचारलं, "ही तुही मालकीण आहे का?"

मी म्हणलं, "मालकिणीची मालकीण."

बस. ती उठली. अन् तिचा हात वरच्या हुकाकडं गेला. काऊन नाई, कशाले नाई, काही विचारलं नाई. चष्म्यामागं डोळे दिसत नव्हते. बोटं म्हातारी झाली आहेत, हुक काही लवकर निघे ना. ती खटपट करून राह्यली अन् ती सारी, लुगडी गुंडाळलेली, पाहत उभी. फोटोवाला बी. माही माय माह्या कामासाठी परक्या माणसासमोर हुक काढून राह्यली होती.

मी जाऊन तिचा हात धरला.

"नाई."

मॅडम म्हणाली, "काय नाही?"

"पोलकं नाई निघणार."

"अगं, फोटोपुरतं तर..."

"तुमच्या सासूबाई बसल्या आहेत ना तिथी. आधी त्यांचं काढा फोटोपुरतं. मंग आमचं पाहू."

माहाच आवाज मले ओळखू आला नाई.  सासूबाईंनी पदर घट्ट धरला, जशी काही मीच त्यांच्या आंगावर धावून गेली. मॅडमचं तोंड लालेलाल. ती माह्याशी बोललीच नाई, ताईले म्हणाली, "कुठून उचलून आणलीस गं हिला?" अन् ताई मले म्हणाली, "बाहेर हो. आत्ताच्या आत्ता." रोज एका डब्यात जेवणारी ताई. मी टाचण्यांचा डबा टेबलावर ठेवला, यायोले धरलं अन् निघाली. अर्ध्या बायांचं नेसवायचं राह्यलं होतं. त्या लुगडी हातात घेऊन तशाच उभ्या. राहू दे म्हणलं.

तुमाले वाटन, यायोनं मले छातीशी धरलं असन. कशाची छाती अन् कशाचं काय! रस्त्यानं पुरा वेळ बोलणी खाल्ली मी. "जिभेले हाड नाई तुह्या. काम घालवून बसली. आता माह्या दुसऱ्या डोळ्यासाठी कोण धावपळ करन? खाशील काय?" उन्हाचा तडाखा, एका डोळ्यानं धड दिसत नाई, तरी माह्या पुढं चालून राह्यली होती रागानं.

मी म्हणलं, "मंग काय, काढू देत होती का तुले? तिथी? त्या माणसासमोर?"

ती थांबली. वळून म्हणाली, "शाळेतली बाई म्हणाली घाल. गायता म्हणाला काढ. ही म्हणाली काढ. तू नको म्हणलं अन् हात धरला. मले काय पाहिजे, हे कोणी विचारलं? तू बी विचारलं नाई."

मी भर रस्त्यात उभी राह्यली. मागून ऑटोवाला हॉर्न वाजवून राह्यला होता. खरं होतं. लाज वाटली, अन् राग बी आला, तिचा नाई, सगळ्याचाच. मंग मी विचारलं. पयल्यांदा विचारलं. "यायो, तुले काय पाहिजे?"

"मले हे पोलकं आंगावर पाहिजे. माहं आहे ते." मंग म्हणाली, "अन् उद्या गरमी झाली तं माह्या घरी मी काढून ठेवीन. ते बी माहंच."

ताईचा फोन येऊन गेला. मॅडमची माफी माग अन् ये, सीजन आहे. मी गेली नाई. दुसऱ्या पार्लरांत विचारलं, तिथी गोष्ट माह्या आधी पोहोचली होती. तोंडाळ आहे म्हणतात मले. यायोचा दुसरा डोळा तसाच आहे. कसं होईन, मले माहीत नाई. खोटं काऊन सांगू, दिवसातून कितीकदा वाटते, गप्प राह्यली असती तं बरं झालं असतं.

पण आता गप्प राहणार नाई. तुमची भाषा मले येते म्हणून तुमचा हुकूम लहानपणापासून मीच तिच्या कानात घातला. ते काम मी सोडलं. माह्या मायनं आंगावर काय घालावं अन् काय नाई, ज्याले कोणाले बोलायचं असन, त्यानं यावं अन् तिच्यासमोर उभं राहावं. तिले विचारावं. माडियात विचारावं. नाई येत तं शिकून यावं.